मागे काहीच न फेकता यान पुढे जाईल का?

पायोनियर १० आणि पायोनियर ११ ही यानं १९७२ आणि १९७३ साली सुटली आणि गुरूला वळसा घालून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. पायोनियर ११ तर वाटेत शनीलाही भेटून गेलं. पुढे कितीतरी वर्षं त्यांचे रेडिओ संदेश येत राहिले आणि त्यांवरून त्यांचा वेग मोजला जात राहिला. त्या मोजमापात एक खोट निघाली. सूर्य, ग्रह, सगळ्यांचं गुरुत्वाकर्षण धरूनही हिशेब जुळेना. दोन्ही यानांचा वेग दरवर्षी अपेक्षेपेक्षा सेकंदाला जेमतेम पावणेतीन सेंटीमीटरने जादा घटत होता. कुणीतरी अगदी हलक्या हाताने त्यांना सूर्याकडे रेटत असावं, असं. १९९८ मध्ये ही विसंगती रीतसर प्रसिद्ध झाली आणि गुरुत्वाकर्षणाचा नियमच सुधारावा लागतो की काय, इथपर्यंत चर्चा गेली.

उत्तर २०१२ साली मिळालं आणि ते यानाच्या पोटातच होतं. या यानांना वीज मिळायची ती प्लुटोनियमच्या उष्णतेतून. ही उष्णता आणि उपकरणांची उष्णता अवकाशात निसटताना सगळ्या दिशांना सारखी जात नव्हती. २.७४ मीटर व्यासाची अँटेनाची थाळी कायम पृथ्वीकडे, म्हणजे तेवढ्या लांबून जवळपास सूर्याकडेच, तोंड करून होती आणि उपकरणांचा डबा तिच्या पाठीमागे होता. त्यामुळे सूर्याच्या उलट बाजूला थोडी जास्त उष्णता जात होती. उष्णता म्हणजे इथे अवरक्त प्रकाश. प्रकाशाला वस्तुमान नसलं तरी संवेग असतो. तो एका बाजूला जास्त गेला की यानाला दुसऱ्या बाजूला तेवढाच धक्का बसतो. अडीचशे किलोच्या आसपासच्या त्या यानाला एवढा रेटा द्यायला साठ-पासष्ट वॉटचा असमतोल पुरतो. यानात तर सुरुवातीला अडीच हजार वॉटच्या घरात उष्णता तयार होत होती.

म्हणजे कुणी ठरवून न बनवलेलं एक इंजिन तिथे वर्षानुवर्षं चालू होतं. टाकी नाही, नळकांडं नाही, मागे सुटणारा वायूचा झोत नाही. प्रणोदकाशिवाय, म्हणजे मागे फेकायच्या मालाशिवाय, यानाला गती देता येते का, असं कुणी विचारलं की मला आधी हीच यानं आठवतात. ‘हो’ हे उत्तर त्यांत आहे, आणि ते ‘हो’ किती किरकोळ आहे हेही त्यांतच आहे.

या विषयावरचा बहुतेक गोंधळ दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे होतो. फेकायचा माल बरोबर न नेता यान चालवता येईल का, हा एक. आणि कशालाही उलटा धक्का न देता, कुठेही काहीही न सोडता यान चालवता येईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर होकारार्थी आहे आणि तसं करूनही झालं आहे. दुसऱ्याचं उत्तर नकारार्थी आहे. अधूनमधून ‘नियम मोडणारं इंजिन’ म्हणून ज्याची बातमी येते, ते या दुसऱ्या जातीचं असतं.

माल न्यायचा नाही, हा हट्ट कशासाठी?

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. बाहेरून कुणी हात लावला नाही तर एखाद्या व्यवस्थेचा एकूण संवेग बदलत नाही, हा संवेग अक्षय्यतेचा नियम शाळेत आपण पाठ केलेला असतो. रॉकेट नेमकं हेच वापरतं: तापलेला वायू मागे जोरात सोडायचा, वायूने मागे जितका संवेग नेला तितकाच रॉकेटला पुढे मिळतो. मागे हवा असो वा नसो, फरक पडत नाही. १९२० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखाने अमेरिकी रॉकेट संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांची याच मुद्द्यावर टर उडवली होती. पोकळीत रॉकेट कशाला रेटणार, एवढं साधं यांना कळत नाही का, असा सूर होता. अपोलो ११ उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्या पत्राने दुरुस्ती छापली. रॉकेट आपल्याच वायूला रेटतं, आणि तेवढं पुरतं.

अडचण वेगळीच आहे. पुढे लागणारा वायूही तोवर वाहून न्यावा लागतो, आणि तो वाहून न्यायला आणखी वायू लागतो. रशियाच्या त्सिओल्कोवस्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेलं समीकरण या चक्राचा हिशेब सांगतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा झोत सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने सुटतो. यानाला सेकंदाला ९ किलोमीटर वेग द्यायचा, तर निघतानाचं वजन पोहोचतानाच्या वजनाच्या सातपटींहून जास्त लागतं. ४५ किलोमीटर हवा असेल तर बावीस हजार पट. झोत जलद केला की सुटका होते, पण थोडीशीच. लघुग्रहांकडे गेलेल्या डॉन यानाच्या आयन इंजिनातून झेनॉन सेकंदाला तीसेक किलोमीटर वेगाने सुटायचा आणि तेवढ्यावर त्या यानाने सेकंदाला ११ किलोमीटरचा वेगबदल मिळवला. पण तसलंच इंजिन घेऊन प्रकाशाच्या एक दशांश वेग गाठायचा ठरवा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या वजनांचं गुणोत्तर येतं एकावर चारशे चौतीस शून्यं. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ऐंशीच्या आसपास शून्यं एवढीच आहे.

हे गणित एकदा करून पाहिलं की माल नेणंच नको, असं कुणालाही वाटेल. अशी इंजिनं शोधणाऱ्यांना मी त्यामुळे वेड्यात काढत नाही. त्यांना जाचणारी गोष्ट खरी आहे.

दुसऱ्याच्या जोरावर

पायोनियरला प्रकाश सोडून धक्का मिळाला. तोच प्रकाश बाहेरून येऊन आदळला तरी धक्का मिळतो. प्रकाशाचा दाब असतो हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७३ साली गणिताने दाखवलं होतं आणि पुढे रशियाच्या लेबेदेव यांनी तो प्रयोगशाळेत मोजला. पृथ्वीच्या अंतरावर सूर्यप्रकाशाला काटकोनात धरलेल्या, आरशासारख्या चकचकीत एक चौरस मीटर पत्र्यावर हा दाब ९ मायक्रोन्यूटन, म्हणजे जेमतेम एका मिलिग्रॅमच्या वजनाएवढा, भरतो. म्हणून पत्र्याऐवजी शीड घ्यायचं, भलंमोठं आणि कमालीचं पातळ.

जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये हे करून दाखवलं. चौदा मीटर बाजूचं चौकोनी शीड, जाडी एका मिलिमीटरचा सव्वाशेवा-दीडशेवा भाग. त्यावर मोजलेला रेटा १.१२ मिलिन्यूटन. तीनशे किलोच्या यानाला एवढ्या रेट्याने वर्षाकाठी सेकंदाला शंभरेक मीटर वेग मिळतो. फार नाही, पण फुकट, आणि सूर्य आहे तोवर अखंड. मला त्या यानातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते ती दिशा बदलण्याची युक्ती. शिडाच्या कडांना लिक्विड क्रिस्टलच्या पातळ पट्ट्या होत्या. वीज दिली की त्यांचा चकचकीतपणा बदलायचा. एका कडेवरचा प्रकाश आरशासारखा परतला आणि दुसऱ्या कडेवरचा इकडेतिकडे पांगला की दोन्ही कडांवरचा दाब वेगळा, आणि शीड हळूहळू वळायचं. एकही थेंब न जाळता यान वळवणं म्हणजे काय, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

केप्लर दुर्बिणीची गोष्ट याच घरातली. तोल सांभाळणाऱ्या चार चाकांपैकी दोन २०१३ पर्यंत बंद पडली आणि ग्रह शोधायचं काम थांबलं. मग तिला अशा कोनात उभं केलं की सूर्यप्रकाशाचा दाब दोन्ही अंगांना सारखा पडावा. २०१४ पासून उरलेली दोन चाकं आणि हा दाब यांच्या जोरावर तिने पुन्हा निरीक्षणं सुरू केली. उलटं उदाहरण भारताच्या इन्सॅट-१ए उपग्रहाचं. त्याची सौरपाटी एकाच बाजूला होती, म्हणून प्रकाशाच्या दाबाने तो कलंडू नये यासाठी दुसऱ्या बाजूला एक छोटं शीड दिलं होतं. १९८२ मध्ये उपग्रह वर गेला आणि ते शीड उघडलंच नाही. इतरही बिघाड होते; काही महिन्यांतच तोल सांभाळायचं इंधन संपलं आणि उपग्रह सोडून द्यावा लागला. काही चौरस मीटरवरचा मायक्रोन्यूटनांचा हा खेळ, पण दुर्लक्ष केलं तर असा भोवतो.

ग्रहांचा उपयोग याहून जुना. व्हॉयेजर यानांनी गुरूजवळून जाताना त्याच्या सूर्याभोवतीच्या गतीतला इवलासा वाटा उचलला. गुरू तेवढा मंदावला, लाख कोटी वर्षांत जेमतेम फूटभर मागे पडेल एवढा. पृथ्वीजवळ असाल तर तिचं चुंबकीय क्षेत्रही हाताशी असतं. लांब तारेतून वीज सोडली की ते क्षेत्र तारेला रेटतं. १९९६ मध्ये स्पेस शटलमधून जवळपास वीस किलोमीटर तार सोडली होती. ती तुटली, पण त्याआधी तिच्यात साडेतीन हजार व्होल्टचा दाब तयार झालेला दिसला. हबल दुर्बिणीत अशीच चुंबकं आहेत. आतल्या फिरत्या चाकांमध्ये साठत गेलेलं फिरणं त्यांच्यामार्फत पृथ्वीला परत केलं जातं.

या सगळ्यांत खर्च कुठे गेला ते नेमकं दाखवता येतं. शिडावरून परतलेला प्रकाश, मंदावलेला गुरू, चुंबकीय क्षेत्रामार्फत धक्का खाल्लेली पृथ्वी. जमाखर्चाच्या वहीत उलट बाजूला नाव आहे.

तीनशे मेगावॉटला एक न्यूटन

बाहेर कुणीच नसेल तर? मग पायोनियरसारखा स्वतःचाच प्रकाश सोडायचा, पण सगळा एकाच दिशेला. प्रकाशाचा संवेग म्हणजे त्याची ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग. म्हणून एक न्यूटन रेट्याला, म्हणजे शंभर ग्रॅमची वस्तू तळहातावर ठेवल्यावर जाणवतो तेवढ्या जोराला, लागतात ३०० मेगावॉट. एक मोठी अणुभट्टी हजार मेगावॉट वीज देते. ती सगळी प्रकाशाच्या झोतात ओतली तरी मिळतात सव्वातीन न्यूटन. भट्टीचं वजन त्यातून हलायचं आहे.

आणि काटेकोर बोलायचं तर हेही ‘काहीच न फेकणं’ नव्हे. ऊर्जा गेली की तिच्याबरोबर वस्तुमानही जातं. पायोनियरच्या त्या साठ-पासष्ट वॉटचा हिशेब केला तर वर्षाला बावीस मायक्रोग्रॅम निघतो. तेवढं प्लुटोनियमचं वस्तुमान खरोखर कमी होत होतं. प्रकाश हा सगळ्यात हलका आणि सगळ्यात जलद प्रणोदक आहे, एवढंच. माल वाचतो आणि विजेचं बिल फुगतं.

हा आकडा लक्षात ठेवा: एका किलोवॉटला ३.३ मायक्रोन्यूटन. बाहेरच्या कशालाही न टेकणाऱ्या आणि मागे वस्तुमान न टाकणाऱ्या कुठल्याही यंत्राची ही कमाल मर्यादा आहे. पुढे येणारा प्रत्येक दावा मी या आकड्याशेजारी ठेवून बघतो.

बंद डब्यातला धक्का

गाडीत बसून आतून डॅशबोर्ड ढकलला तर गाडी पुढे जात नाही. हात डॅशबोर्डला पुढे ढकलतात, पाठ सीटला मागे. पण मान्य करायला हवं, की गाडी हलकी असेल आणि तुम्ही हिसके दिलेत तर ती थोडी सरकते. नॉर्मन डीन या अमेरिकी गृहस्थांनी १९५०च्या दशकात अशाच हिसक्यांवर पेटंट घेतलं होतं. यंत्रात विषम वजनं फिरायची आणि यंत्र जमिनीवर एका दिशेला सरकायचं. त्यामागचं कारण असं: एका बाजूला झटका जोरात बसतो आणि जमिनीचं घर्षण मोडतो, परतीचा झटका सावकाश बसतो आणि घर्षण त्याला थोपवून धरतं. म्हणजे जमीनच ढकलली जाते. अशी यंत्रं अवकाशात नेली तर जागच्या जागी डुलत बसतील.

एमड्राइव्हचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. ब्रिटिश अभियंते रॉजर शॉयर यांनी २००१च्या सुमारास ही कल्पना मांडली. तांब्याचा एक बंद शंकू, एक तोंड रुंद, एक अरुंद. आत मायक्रोवेव्ह सोडायच्या. रुंद बाजूवर दाब जास्त पडेल आणि शंकू सरकेल, असं म्हणणं होतं. तिरप्या भिंतींवरचा दाब मोजला की बेरीज शून्य येते. पण २०१६ मध्ये नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधल्या एका छोट्या गटाने निर्वात टाकीत प्रयोग करून, समीक्षा होणाऱ्या नियतकालिकात, एका किलोवॉटला १.२ मिलिन्यूटन रेटा मिळाल्याचं लिहिलं. प्रकाशाच्या झोतापेक्षा साडेतीनशे पटींहून जास्त. नासाचं नाव आल्यामुळे बातमी जगभर गेली.

त्यांनी प्रत्यक्ष मोजलेला जोर मात्र शंभरेक मायक्रोन्यूटन, म्हणजे वाळूच्या काही कणांच्या वजनाएवढा होता. एवढ्याशा जोराच्या पातळीवर आजूबाजूचं सगळंच ढकलाढकली करत असतं. दहा सेंटीमीटर तारेतून एक अँपिअर वीज वाहत असेल तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच तिला पाच मायक्रोन्यूटनपर्यंत ढकलतं. यंत्र तापलं की त्याचा आधार किंचित वाकतो, गुरुत्वमध्य सरकतो आणि नाजूक तराजूला तो रेटा वाटतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात मार्टिन टायमार यांच्या गटाने नेमकं हेच चिकाटीने तपासलं. त्यांनी शंकूत जाणारी शक्ती अडवून धरली, फक्त विजेची जोडणी चालू ठेवली, तरी काटा हललाच. २०१८ मध्ये त्यांचा संशय तारांवर आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावर होता. २०२१ मध्ये त्यांनी आधाराची रचना बदलून उष्णतेने होणारं वाकणं काढून टाकलं आणि रेटा नाहीसा झाला. जे काही उरलं असेल ते प्रकाशाच्या मर्यादेच्याही खाली. वस्तूचं वस्तुमान क्षणोक्षणी कमीजास्त करून रेटा मिळवायचा, अशी कल्पना असलेल्या जेम्स वुडवर्ड यांच्या ‘माख परिणाम’ इंजिनाचीही याच गटाने तपासणी केली आणि तिथेही हेच घडलं.

विज्ञानात ही गोष्ट नवी नाही. १८७०च्या दशकात विल्यम क्रूक्स यांनी काचेच्या फुग्यात एक चक्री बसवली. पात्यांची एक बाजू काळी, एक चकचकीत. उजेड पडला की ती गरगर फिरते. प्रकाशाचा दाब दिसला म्हणून आनंद झाला, पण चक्री फिरत होती उलटी. प्रकाशाच्या दाबाने चकचकीत बाजू मागे रेटली जायला हवी, इथे काळी रेटली जात होती. फुग्यात उरलेली थोडी हवा काळ्या बाजूपाशी तापून ते करत होती. खरा प्रकाशदाब मोजायला लेबेदेव यांना पंचवीसेक वर्षांनी हीच हवा आणि हीच उष्णता कसोशीने टाळावी लागली.

मोजण्याआधीच नाही का म्हणायचं?

‘शास्त्रज्ञ आधीच डोळे मिटून बसतात’ असा आक्षेप इथे हमखास येतो, आणि तो वाजवी आहे. नियम आहे म्हणून नाही, हे कारण पुरेसं नाही. माझ्या मते खरं पटणारं कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब कागद-पेन्सिलने कुणालाही करता येतो.

धरून चला की एमड्राइव्ह खरं आहे: एक किलोवॉट वीज, १.२ मिलिन्यूटन रेटा, कायम. एक किलोवॉट म्हणजे सेकंदाला हजार ज्यूल. यानाला सेकंदाला मिळणारी गतिज ऊर्जा म्हणजे रेटा गुणिले त्या सेकंदात कापलेलं अंतर. यान सेकंदाला १ किलोमीटर वेगाने जात असेल तर हा आकडा येतो १.२ ज्यूल. दिले हजार, मिळाले सव्वा. तक्रार नाही. वेग १०० किलोमीटर झाला की मिळतात १२० ज्यूल. अजूनही ठीक. पण रेटा तोच राहिला आणि वेग ८३३ किलोमीटरवर गेला की दिलेले हजार आणि मिळालेले हजार बरोबर होतात. हजार किलोमीटर वेगाला? दर सेकंदाला हजार ज्यूल घालून बाराशे निघतात. त्यातले हजार वळवून इंजिनाला द्या, दोनशे खिशात घाला. आता हे अंतराळयान राहिलं नाही, फुकट वीज देणारं यंत्र झालं. म्हणजे प्रकाशापेक्षा भारी असं प्रत्येक बंद इंजिन शाश्वत गतीचं यंत्रही असतं, मग शोधणाऱ्याच्या मनात ते असो वा नसो.

यावर समर्थक म्हणतात, वेग वाढला की रेटा कमी होत असेल. पण वेग कुणाच्या तुलनेत? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते, सूर्य आकाशगंगेत दोनशेच्या वर, आणि विश्वात सगळीकडे पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या तुलनेत आपण ३७० किलोमीटरने चाललो आहोत. टेबलावरच्या त्या शंकूला यातला कुठला वेग ‘स्वतःचा’ म्हणून कळतो? कळत असेल तर रेटा ऋतूनुसार बदलायला हवा, आणि निरपेक्ष वेग नसतो हे सापेक्षतेचं म्हणणंही खोटं पडायला हवं. इथे हात झटकायला जागा उरत नाही.

प्रकाशाचा झोत या कात्रीत का सापडत नाही? त्याच्यासाठी बरोबरीचा वेग काढा: ३०० मेगावॉट भागिले एक न्यूटन, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर. प्रकाशाचा वेग. तिथे कुठलंच यान पोहोचत नाही, त्यामुळे नफा होण्याची वेळच येत नाही. ३.३ मायक्रोन्यूटनची मर्यादा मनमानी नव्हे, ती इथून येते.

साधं रॉकेट मात्र फसवं दिसतं. फार वेगाने जाणाऱ्या रॉकेटला इंधनातल्या रासायनिक ऊर्जेपेक्षा जास्त गतिज ऊर्जा मिळू शकते. पण तो वेग आधी इंधनालाही दिलेला असतो. वायू मागे सुटला की त्याचा वेग घटतो आणि त्याने गमावलेली ऊर्जा रॉकेटच्या खात्यात जमा होते. शीड पळू लागलं की त्यावरून परतलेला प्रकाश जरा लाल, म्हणजे कमी ऊर्जेचा होतो. फरक शिडाला मिळतो. पैसे भरणारा असतो. बंद डब्यात तो नसतो.

संवेगाचा नियम इतका हट्टी का, याचं उत्तर गणितज्ञ एमी नोथर यांनी १९१८ मध्ये दिलं. निसर्गाचे नियम इथे आणि दहा कोस पुढे सारखेच असतील, तर संवेग अक्षय्य असलाच पाहिजे. पहिल्यातून दुसरं गणितानेच निघतं. म्हणजे संवेग मोडायचा तर जागेजागेला नियम वेगळे आहेत असं दाखवावं लागेल.

मग वक्र अवकाशाचं काय, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडेल, कारण तिथे सगळ्या जागा सारख्या नसतात. इथे खरंच एक गंमत आहे. एमआयटीचे जॅक विज्डम यांनी २००३ मध्ये दाखवलं की वक्र अवकाशात एखादी वस्तू हातपाय विशिष्ट क्रमाने पसरून आणि आखडून, काहीही न फेकता थोडी सरकू शकते, जणू पोहते. वेग मिळत नाही, फक्त जागा बदलते. हालचाल थांबली की सरकणं थांबतं. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ मीटरभर आकाराच्या वस्तूने मीटरभर हालचाल केली तर एका फेरीत मिळणारं अंतर आहे एक मीटर भागिले एकावर तेवीस शून्यं. अणूच्या केंद्रकापेक्षा कोट्यवधी पटींनी लहान. माझ्यापुरता हा या विषयातला सगळ्यात सुंदर निकाल, आणि सगळ्यात निरुपयोगी.

निर्वात पोकळीतल्या क्वांटम हालचालींना रेटण्याची कल्पनाही वरचेवर येते. पण पोकळी सगळ्या वेगांना सारखीच दिसते. तिला स्वतःचा स्थिर असा वेग नाही, म्हणून धरायला काही नाही. तिच्यातून खरे प्रकाशकण काढता येतात, पण मग ते सोडणं म्हणजे पुन्हा तीनशे मेगावॉटला एक न्यूटन. वार्प ड्राइव्हसाठी, म्हणजे यानाभोवतीचं अवकाशच वाकवून पुढे जाण्यासाठी, ऋण म्हणजे शून्याहून कमी ऊर्जा लागते, आणि तशी ऊर्जा तेवढ्या प्रमाणात कुणाकडे नाही.

२०२३च्या नोव्हेंबरात असं एक ‘क्वांटम’ इंजिन छोट्या उपग्रहावर बसवून पाठवलंही गेलं. उपग्रहाच्या वीजयंत्रणेत बिघाड झाला आणि इंजिन सुरू करण्याआधीच संपर्क तुटला. मला त्याची चुटपुट नाही. खालच्या कक्षेत विरळ हवा, पृथ्वीचं चुंबकत्व आणि सूर्यप्रकाश हे तिघेही मायक्रोन्यूटनांचे धक्के देत असतात, त्यामुळे तिथली चाचणी प्रयोगशाळेपेक्षा सोपी नसते. पुढचा दावा आला की विचारायचं ते असं: बॅटरी डब्याच्या आतच आहे ना, बाहेर तार नाही ना? डबा उलटा फिरवल्यावर रेटाही उलटा झाला का? शंकूऐवजी तेवढीच वीज खाणारा साधा हीटर ठेवला तर काय दिसतं? आणि किलोवॉटमागे ३.३ मायक्रोन्यूटनपेक्षा किती जास्त?

ताऱ्यांकडे जायची खरीखुरी योजना म्हणून जी चर्चेत आली, ती शिडाचीच होती. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉटच्या आराखड्यात यान ग्रॅमभराचं आहे, टाकी नाही आणि इंजिनही नाही. शंभर गिगावॉटचा लेसर पृथ्वीवरच राहतो. तेवढा प्रकाश शिडावरून पूर्ण परतला तर रेटा साडेसहाशे न्यूटनच्या पुढे जातो, आणि ग्रॅमभर वजनाला तो काही मिनिटांत प्रकाशाच्या एक पंचमांश वेगाला नेतो. ४.३७ प्रकाशवर्षांवरच्या अल्फा सेंटॉरीला वीसेक वर्षांत पोहोचता येईल. पण धक्का देणारा मागे राहिलेला असल्यामुळे तिथे ब्रेक लावायला कुणी नाही. पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर ते यान बेचाळीस मिनिटांत ओलांडेल. म्हणून त्या आराखड्यात थांबणं धरलेलंच नाही. जाता जाता जे टिपता येईल ते टिपायचं आणि त्याच ग्रॅमभर यानातून ते पृथ्वीकडे पाठवायचं.